मेव्हण्याचं कार्ड आणि तलावातला कटला

वाचकाचं पत्र, थोडक्यात: शिराळा तालुक्यातले एक वाचक. वय चाळिशीचं, कारखान्यात नोकरी, सुट्टीला गळ टाकून बसण्याचा जुना नाद. जूनअखेरीस पहिल्या दमदार पावसानंतर ते पहाटे, त्यांच्याच शब्दांत "कुणी यायच्या आत", तालुक्यातल्या एका पाटबंधारे तलावाच्या फुगवट्यावर गेले. ओढा तलावाला मिळतो ती जागा. सोबत दोन गळ आणि तंगूसचं एक जाळं. पाच-सहा कटले आणि थोडी चिलापी मिळाली, सगळे मिळून दोन हजारांच्या आतले. सकाळी ठेकेदार मच्छीमार संस्थेचा राखणदार आला. त्यानं मासे, जाळं आणि गळ ठेवून घेतले, फोटो काढले. आता संस्थेचे चेअरमन म्हणतात, पंधरा हजार दंड रोख भरा आणि "मी चोरी केली" असा माफीनामा लिहून द्या, नाहीतर पोलिसांत चोरीची आणि मत्स्यव्यवसाय खात्याकडे विनापरवाना मासेमारीची तक्रार करतो. वाचकांचं म्हणणं असं की ओढ्याचं पाणी सगळ्यांचं असतं असं त्यांना वाटलं, गळाला परवाना लागत नाही असंही वाटलं. शिवाय पत्नीचा भाऊ दुसऱ्या गावच्या मच्छीमार संस्थेचा सभासद आहे. तो म्हणाला होता, "दाजी, बिनधास्त बसा, माझं कार्ड आहे की." तोच आता त्याच्या संस्थेची मागच्या तारखेची पावती आणून द्यायला तयार आहे. पत्नीचं म्हणणं, माझ्या भावाचं नाव कुठंही यायला नको. "ताई, मी चोर नाही. मला खरंच माहीत नव्हतं. एवढं सांगून सुटता येतं का?"

उत्तर:

तुमच्या प्रश्नाआधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे घाबरून कुठल्या कागदावर सही करणार नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३ मध्ये पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या पहिल्या चोरीला, वस्तू किंवा तिची किंमत परत केल्यावर, समाजसेवेची शिक्षा ठेवली आहे. असा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र धरला जातो. म्हणजे तुमच्यावर याआधी काही नसेल आणि मासे तुम्ही म्हणता तेवढ्याच किमतीचे असतील, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपाससुद्धा सुरू करू शकत नाहीत. ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची साधी नोंद, केली जाईल. दारात जीप उभी राहील आणि शेजारीपाजारी बघतील, हे जे चित्र तुम्ही मनात रंगवलंय ते पुसून टाका. आणि ते पुसलं गेलं की पंधरा हजारांचा आकडाही जरा वेगळा दिसायला लागेल.

आता मूळ प्रश्न. माहीत नव्हतं म्हणून सुटता येतं का? कधी येतं, कधी नाही. नेमकं काय माहीत नव्हतं, आणि ते माहीत करून घ्यायला तुम्ही काय केलंत, यावर ते ठरतं. तुमच्या पत्रात तीन निरनिराळे समज एका दमात आलेत. ते सुटे करून बघू.

पहिला समज जागेचा: आपण ओढ्यावर बसलोय, तलावात नाही. दुसरा नियमाचा: गळाला परवाना लागत नाही. तिसरा मेव्हण्याच्या कार्डाचा: एकाचं कार्ड सगळ्या घराला चालतं. तुम्हाला तिन्ही सारखेच वाटतात, कारण तिन्हींनी तुम्हाला सारखाच धीर दिला. कायदा मात्र त्यांच्याकडे सारख्या नजरेनं बघत नाही.

न्याय संहितेचं कलम १७ (जुन्या दंड संहितेत हेच ७९ होतं) सांगतं की वस्तुस्थितीबद्दल गैरसमज झाला आणि त्यापायी आपल्याला हे करायचा हक्क आहे असं माणसानं सद्भावनेनं मानलं, तर ते कृत्य गुन्हा ठरत नाही. पण त्याच कलमात लगेच अट आहे: गैरसमज वस्तुस्थितीचा हवा, कायद्याचा नको. समजा संस्थेचं नाव सांगून एका माणसानं तुमच्याकडून पैसे घेतले, शिक्का मारून पावती दिली आणि नंतर कळलं की तो भलताच कुणी होता. हा झाला वस्तुस्थितीचा गैरसमज. अशा पावतीवर तुम्ही दिवसभर मासे धरलेत तरी तुमच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. "गळाला परवाना लागत नाही असं वाटलं" हा मात्र सरळसरळ नियमाबद्दलचा गैरसमज. तो प्रामाणिक असला तरी बचाव म्हणून चालत नाही. तुमच्या बाबतीत तर तो प्रामाणिक आहे असं म्हणणंही अवघड आहे, कारण सोबत जाळं होतं. पत्रात गळाचा उल्लेख पाच-सहा वेळा आहे आणि जाळ्याचा एकदाच, तोही राखणदारानं ठेवून घेतलं हे सांगताना. तक्रारीत तो उलट्या क्रमानं येईल हे ध्यानात असू द्या.

तुम्ही म्हणाल, सामान्य माणसानं सगळे कायदे पाठ करायचे का? न्यायालयांनाही हे कळतं. मोतीलाल पदमपत शुगर मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंच म्हटलंय की प्रत्येकाला कायदा माहीत असतो असं काही गृहीत धरलेलं नाही. कायद्याचं अज्ञान ही सबब चालत नाही, एवढाच नियम आहे. आणि हा नियम किती कडकपणे लावला जातो ते बघायचं असेल तर मुंबईतला एक जुना खटला सांगते. नोव्हेंबर १९६२. एक परदेशी प्रवासी झुरिकहून मनिलाला निघालेला, अंगातल्या जाकिटात ३४ किलो सोनं. विमान वाटेत मुंबईला थांबलं. तो विमानातून उतरलासुद्धा नव्हता. पण भारतातून पुढं जाणारं सोनंही विमानाच्या मालयादीत दाखवलं पाहिजे अशी रिझर्व्ह बँकेची नवी अधिसूचना चारच दिवसांपूर्वी राजपत्रात छापून आली होती. त्याला ती ठाऊक असणं जवळजवळ अशक्यच. उच्च न्यायालयानं सोडलं, सर्वोच्च न्यायालयानं मात्र बहुमतानं दोषी धरलं. दया दाखवली ती शिक्षेत: तोवर जेवढी भोगली होती तेवढ्यावर भागवलं. मला व्यक्तिशः यातला अल्पमताचा निकाल जास्त पटतो, पण माझ्या पटण्याला कोर्टात किंमत नाही.

आता याच्या उलट बाजूचा एक निकाल. तुमच्यासारख्यांच्या कामाचा हाच. मध्य प्रदेशातला नथुलाल नावाचा धान्य व्यापारी. परवान्यासाठी त्यानं अर्ज केला होता, फी भरली होती, आणि परवाना पाठवून देतो असं निरीक्षकानं त्याला सांगितलं होतं. त्या भरवशावर त्यानं गहू साठवला. परवाना काही आला नाही. अर्ज नामंजूर झाल्याचंही कुणी कळवलं नाही. खटला भरला. सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडलं. जाणूनबुजून नियम मोडायचा त्याचा इरादा नव्हता, आपल्याला परवानगी आहे असंच तो खरोखर मानत होता, हे न्यायालयाला पटलं. ते पटण्यासारखं कशामुळे झालं ते बघा: अर्ज, भरलेली फी, संबंधित अधिकाऱ्याचं बोलणं. तुमच्या तिसऱ्या समजाला हीच फूटपट्टी लावा. मेव्हणा अधिकारी नाही. त्याचं कार्ड दुसऱ्या संस्थेचं, दुसऱ्या पाण्याचं. त्यावर त्याच्या बहिणीच्या नवऱ्यानं बसावं असं काही लिहिलेलं असणं कठीण, आणि पत्रात तुम्हीच लिहिलंय की ते कार्ड तुम्ही कधी हातात घेऊन बघितलं नाही. आपल्याकडं "बिनधास्त बसा" हे दाजींना खुर्ची पुढे करतानाही म्हणतात. त्यावर परवान्याचा भार टाकू नका.

कायद्यात सद्भावनेची व्याख्याच अशी आहे की योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली किंवा मानलेली कुठलीही गोष्ट सद्भावनेची धरली जाणार नाही. म्हणजे मन साफ असून भागत नाही. थोडी चौकशी केलेली लागते. आणि अपवादात बसतो हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर असते. फिर्यादी पक्षाइतका भक्कम पुरावा लागत नाही, पण शक्यता आपल्या बाजूला झुकेल एवढं काहीतरी समोर ठेवावं लागतं.

इथं मी तुम्हाला एक जरा टोचेल असं विचारणार आहे. तुम्हाला खरंच असं वाटत होतं, की विचारलं तर नाही म्हणतील म्हणून विचारलं नाही? पहाटे जाण्यात काही गैर नाही, गळवाले सगळे पहाटेच जातात. पण "कुणी यायच्या आत" हे शब्द तुमचे आहेत. कोण यायच्या आत? ज्याला पाणी सगळ्यांचं वाटतं त्याला कुणाच्या येण्याची फिकीर नसते. तुम्ही चोर आहात असं मी म्हणत नाही. माहीत असणं आणि नसणं यांच्या मधे एक मोठी जागा असते, तिथं आपण बरेचदा सोयीनं मुक्काम करतो. तुम्ही कदाचित तिथंच होतात. याचं उत्तर मला कळवायची गरज नाही, पण वकिलासमोर बसण्याआधी स्वतःला द्या. उलटतपासणीत ते कुणीतरी विचारणारच.

राहिला पहिला समज, जागेचा. तुमच्या बाजूनं खरं वजन कशात असेल तर यात. पाटबंधारे तलावाचा ठेका मत्स्यव्यवसाय खातं देतं, आणि त्या पाण्यातले मासे धरण्याचा हक्क ठेकेदाराचा होतो. पण ठेका कुठल्या पाण्याचा? तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं ती रेघ पाटबंधारे विभागाच्या नकाशावर असते. तुम्ही त्या रेघेच्या आत होतात की वर ओढ्यात, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. जूनअखेरीस तलाव अर्धा रिकामा असताना ती रेघ जमिनीवर ओळखू येत नाही, फलक नसेल तर मुळीच नाही. शिवाय बंदिस्त तळ्यातले मासे मालकाच्या ताब्यात असतात, त्यामुळे त्यांची चोरी होऊ शकते. पण खुल्या वाहत्या पाण्यात येजा करणारे मासे कुणाच्याच ताब्यात नसतात, हा फरक आपली न्यायालयं फार पूर्वीपासून करत आलीत. पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर ओढ्याच्या तोंडाशी चढलेला मासा यातल्या कुठल्या बाजूचा, यावर चांगला वकील अर्धा तास बोलू शकेल.

पण वकिलाला बोलू द्या. तुम्ही मात्र एक गोष्ट विसरू नका. कटला, रोहू, मृगळ हे मासे साध्या साचलेल्या तलावात सहसा वीण करत नाहीत, त्यांना वाहती नदी लागते. म्हणून तर संस्था दरवर्षी पावसाळ्यात बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, विकत आणून सोडतात आणि ती किलोभर व्हायला वर्षभर थांबतात. चिलापी आपोआप वाढते, कटला नाही. तालुक्यातल्या लहान तलावात कटला दिसला की तो कुणीतरी पैसे मोजून सोडलेला असतो, आणि इतकी वर्षं गळ टाकणाऱ्या माणसाला हे ठाऊक असतं. ठेक्याची रक्कम भरणारे, रात्री राखण करणारे हे लोक बरेचदा भोई समाजातले, ज्यांचं पोट त्याच पाण्यावर आहे. तुमचा रविवारचा छंद त्यांच्या वर्षाच्या कमाईत हात घालतो. चेअरमनचा सूर चढलेला आहे तो कदाचित तुमच्या एकट्यामुळे नसेल. तुमच्याआधी पन्नास जण "वाटलं" म्हणून गेले असतील.

आता दोन तक्रारींबद्दल, कारण त्या वेगळ्या आहेत आणि तुमचा बचाव दोन्हीकडे सारखा चालत नाही. चोरीला लबाडीचा हेतू लागतो. कलम ३०३ खाली कायद्यानंच दिलेल्या उदाहरणांत एक असं आहे: दुसऱ्याची वस्तू स्वतःचीच आहे असं सद्भावनेनं मानून कुणी नेली तर ती चोरी नाही, कारण लबाडी नाही. आपल्याला हक्क आहे असा खरा समज असेल तर तो कायद्याच्या चुकीच्या समजुतीतून आलेला असला तरी इथं उपयोगी पडू शकतो. म्हणजे मेव्हण्याचं बोलणं, फलक नसणं, ओढ्याचं तोंड हे सगळं चोरीच्या आरोपाविरुद्ध कामाला येतं. विनापरवाना मासेमारीच्या तक्रारीत तसं नाही. तिथं हेतूपेक्षा परवाना होता का, एवढंच आधी बघितलं जातं, आणि नव्हता. तिथं तुमचा प्रामाणिकपणा उपयोगी पडला तर शिक्षा किंवा दंड ठरवताना. पहिल्याच चुकीला ताकीद देऊन सोडण्याची तरतूद १९५८ च्या परिवीक्षा कायद्यात आहे, तीही वकिलांना दाखवायला सांगा.

मागच्या तारखेच्या पावतीबद्दल मी एकच वाक्य लिहिणार होते, पण तुम्ही तो पर्याय म्हणून मांडलाय, म्हणून दोन जास्त. ती पावती घेऊ नका, बघू नका, घरात ठेवू नका. आज तुमच्याविरुद्ध जे आहे ते पाच-सहा माशांचं आहे. खोटा दस्त करणं आणि तो खरा म्हणून वापरणं हा त्याहून कितीतरी मोठा गुन्हा, आणि त्यात मेव्हणा आणि त्याच्या संस्थेचा सचिव दोघंही ओढले जातील. शिवाय ती पावती पुढं केलीत की तुमचा खरा बचाव त्याच क्षणी मेला. मला माहीत नव्हतं आणि माझ्याकडं पावती होती, ही दोन्ही वाक्यं एका तोंडून येऊ शकत नाहीत.

पत्नीचं म्हणणं मला समजतं. भाऊ आणि नवरा यांच्यात तिला उभं करू नका. मेव्हण्याशी तुम्ही स्वतः बोला, तिच्यामार्फत निरोप नकोत. त्याला सांगा की पावती नको, पण तू मला काय म्हणालास ते गरज पडली तर खरं सांगशील का? चुकीचा सल्ला दिला एवढ्यानं तो गुन्ह्यातला साथीदार होत नाही. चिथावणीला जाणीव आणि हेतू लागतो. कार्ड दाजींना चालतं असं त्यालाही खरंच वाटत असेल तर त्याला घाबरण्याचं कारण फार नाही, फार तर त्याच्या संस्थेत चार शब्द ऐकावे लागतील. तो नको म्हणाला तर त्याचं नाव संस्थेला द्यायच्या कागदात घालू नका. तसंही विनापरवाना मासेमारीच्या तक्रारीत त्यानं तुमचं काही भलं होत नाही. चोरीच्या आरोपात मात्र त्याची साक्ष लागू शकते, आणि न्यायालयात शपथेवर विचारलं गेलं तर नाव लपवायचं नाही. हे पत्नीला आजच सांगून ठेवा. त्या वेळी कळण्यापेक्षा आत्ता भांडण झालेलं बरं.

आणि ते पंधरा हजार. दंड करणं आणि जप्ती करणं हे सरकारी अधिकाऱ्याचं काम, संस्थेचं नाही. संस्था नुकसानभरपाई मागू शकते, तक्रार करू शकते. मासे तर त्यांनी तुमच्याकडून घेतलेलेच आहेत, मग भरपाई कशाची ते त्यांनी लिहून द्यावं. मी लगेच त्याला खंडणी वगैरे म्हणणार नाही, आणि तुम्हीही चारचौघांत म्हणू नका, गावात राहायचंय. पण पावतीशिवाय रोख एक रुपया देऊ नका, आणि "चोरी" हा शब्द असलेल्या कागदावर सही करू नका. चोरीचा गुन्हा मालकाच्या संमतीनं तडजोडीत मिटू शकतो, त्यामुळे बोलण्याची दारं बंद करायची नाहीत. कोर्टात भांडून जिंकण्यापेक्षा हे प्रकरण टेबलावर मिटवणं मला तुमच्या हिताचं वाटतं, कारण परवान्याच्या बाजूनं तुम्ही लंगडे आहात.

असंच काहीसं ज्यांच्या बाबतीत होऊ शकतं अशा इतर वाचकांसाठी: आपल्या सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांत पाण्यागणिक धनी बदलतो. पाटबंधारे तलावाचा ठेका मत्स्यव्यवसाय खात्याकडून जातो. गावतळी आणि पाझर तलाव बहुधा ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषदेकडे असतात. ठेकेदार बदलतो, गेल्या वर्षी चाललं ते यंदा चालेलच असं नाही. सांगली-साताऱ्याला सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांचं कार्यालय आहे, तिथं तलावाचं नाव सांगितलं की ठेका कुणाकडं आहे ते कळतं. काही संस्था पावती फाडून गळाला बसू देतात; विचारायला काय जातं.

चांदोलीचा वसंतसागर आणि कोयनेचा शिवसागर यांची गोष्ट आणखी निराळी. त्यांचं पाणी आणि काठ मोठ्या प्रमाणात सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतात, तिथं १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो. गाडीसकट जप्ती होऊ शकते आणि "आमचे आजोबा इथंच मासे मारायचे" हे कुणी ऐकत नाही. शिराळ्याच्या लोकांना हे मी काय सांगायचं? पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली जिवंत नागांची मिरवणूक त्याच कायद्यापुढं आणि उच्च न्यायालयाच्या आदेशापुढं थांबली, तिथं परंपरा किंवा समजूत बचाव म्हणून उभी राहिली नाही. आणि जिलेटिन किंवा पाण्यात औषध टाकून मासे मारणाऱ्यांनी मला पत्र लिहूच नये. ते १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे आणि तिथं गैरसमजाला जागाच नाही.

तुमच्याकडं परत येते. या आठवड्यात तीन कामं करा. एक, त्या जागेचे फोटो काढा, पाणी वाढण्याआधी: ओढ्याचं तोंड, येण्याची वाट, फलक आहे की नाही. फलक असेल तर तोही काढा, लपवू नका. दुसरं, माहिती अधिकारात अर्ज द्या, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर: मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडून ठेक्याच्या कराराची प्रत आणि मुदत, पाटबंधारे विभागाकडून पूर्ण संचय पातळीचा, म्हणजे तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं त्या रेघेचा, नकाशा. तुम्ही बसला होतात त्या दिवशी ठेका चालू होता का, हे एकदा कागदावर बघूनच घ्या. ठेक्याचं वर्ष जूनअखेरीच्या आसपासच पालटतं. तिसरं, वकील गाठा. परवडत नसेल तर सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. मोफत वकिलासाठी उत्पन्नाची मर्यादा आहे, त्यात बसता का ते तिथं सांगतील.

वकिलांना दाखवून संस्थेला एक पत्र द्या. साधारण असं: "अमुक तारखेला सकाळी मी तलावाच्या फुगवट्याजवळ, ओढ्याच्या तोंडाशी मासे धरले. ते पाणी आपल्या संस्थेच्या ठेक्यात येतं असं मला त्या वेळी वाटलं नव्हतं. मासे, जाळं आणि दोन गळ आपल्या राखणदारांकडं आहेत. आपलं काही नुकसान झालं असल्यास त्याचा तपशील लेखी कळवावा. वाजवी रक्कम मी पावती घेऊन द्यायला तयार आहे. जाळं आणि गळ परत मिळावेत. यापुढं आपल्या परवानगीशिवाय या पाण्यात मासे धरणार नाही." चौकशी केली नव्हती हे त्यात लिहायचं की नाही, ते वकिलांवर सोडा, पण केली होती असं मात्र लिहू नका. दोन प्रती काढा. एकीवर तारीख घालून संस्थेची पोहोच घ्या, आणि पत्र घ्यायलाच नकार दिला तर पोचपावतीसह पोस्टानं पाठवा.